मालनला औंध दाखवलं त्याची गोष्ट

फ्लॉरेन्समध्ये आम्हाला मिळाले दोन तास चाळीस मिनिटं.
त्यातली चाळीस गेली संडासाच्या रांगेत.
सुट्टं नाणं नव्हतं, म्हणून यास्मिन
दारावरच्या बाईशी अस्सल सातारीत भांडली.
त्या शहराशी आमचं झालेलं बोलणं तेवढंच.

बाकी वेळ छत्री उंच धरलेल्या पोराच्या मागं पळालो.
घुमट पाहिला, मान धरेस्तोवर.
चौकातला उघडा संगमरवरी तरुण पाहिला.
पोरगा म्हणाला, ही नक्कल आहे,
खरा आत आहे, आतलं आपल्या पॅकेजात नाही.
प्रमदानं नकलेसमोरही पदर सावरला.

मालन नव्हती.
भिशीत पहिला हप्ता तिचा,
पासपोर्ट सगळ्यांच्या आधी तिचा आला,
आणि जायच्या महिनाभर आधी तिच्या मालकांची
उजवी बाजू गेली.
परत आलेल्या पैशांतून तिनं
हवेची गादी घेतली, पाठ सोलू नये म्हणून.

आल्यावर तिला फोटो दाखवले. तीनशे बारा.
सगळ्यांत आम्हीच,
आमच्या खांद्यामागं थोडी थोडी इटली.
ती प्रत्येकाला छान म्हणाली.
तीनशे बारा वेळा.

मालकांचं वर्षश्राद्ध उरकलं
त्याच्या पुढच्या गुरुवारी औंधची एस्टी धरली, रहिमतपूरवरून.
पिशवीत घेवड्याची उसळ, भाकरी, चटणी,
यास्मिनची गुडघ्याला लावायची बाटली.

यमाईच्या डोंगराच्या निम्म्यावर ते संग्रहालय.
आत आमच्याशिवाय एक शिपाई
आणि खिडकीत अडकलेली एक गांधीलमाशी.
वीज गेलेली.
शिपायानं एक खिडकी उघडली,
उजेड तिरका येऊन एका चित्रावर पडला:
निळ्या पदराची आई, मांडीवर मूल.
"नक्कल हाय," तो म्हणाला, "असली तिकडं."
प्रमदा किंचाळली, "अगं, ही माझ्या फ्रिजवर आहे!"

मालननं चष्मा पुसला.
एकतीस वर्षं आरोग्यसेविका, खटाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर.
ती पुढं झाली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"लेकरू चुकीचं धरलंय. मानंला आधार नाही.
काढणाऱ्याच्या घरात पाळणा नसावा."

आम्ही हसलो. ती नाही.

"बाई मात्र त्याला ठाऊक होती.
डावा खांदा बघ कसा खाली आलाय.
रात्र काढलीय तिनं.
आणि त्याच्याकडं बघत नाही ती, बघितलंस?
तिला काहीतरी कळलंय.
असल्या बाया पाहिल्यात मी,
डॉक्टर बोलायच्या आधी ज्यांना कळतं.
त्या रडत नाहीत.
लेकराचं झबलं सारखं करत बसतात."

गांधीलमाशी काचेवर आपटत होती.
शिपाई आतून स्टूल घेऊन आला,
न विचारता मालनच्या मागं ठेवलं.
छत्री नव्हती, घाई नव्हती,
पुढं जा म्हणणारं कुणी नव्हतं.
मी पहिल्यांदा तो खांदा पाहिला.
तिथं असती तरी पाहिला नसता मी,
तिथं मी बॅग पोटाशी धरून होते.

वर देवीला जाऊन आलो.
भाकरी खाताना मालननं विचारलं,
"तिकडं काय खाल्लंत गं?"
थेपले, आम्ही म्हणालो. कंपनीनं दिलेले.
"इतक्या लांब जाऊन थेपले?"
आणि ती हसायला लागली,
ठसका लागला, पाणी दिलं, तरी हसतच होती.
यास्मिननं माझ्याकडं पाहिलं. मी चटणीकडं.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला,
पंच्याहत्तरी झाली म्हणताय, तर पुरावा दाखवा.
मालननं पिशवीच्या तळातून
रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट काढला.
"आत जाताना मागितला तर असावा म्हणून," आमच्याकडं न बघता म्हणाली.

पोरगं चक्रावलं.
कोरी करकरीत पानं फिसकारत बसलं.
"कुठं निघालाय, आजी?"

"निघाले न्हाई," मालन म्हणाली.
"जाऊन आले."