भिंत क्रमांक सात

शारजात, खाडीलगतच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात
मी भिंत क्रमांक सातला ड्रिल लावतो
तेव्हा भुकटीचा रंग बदलत जातो.
आधी पांढरा, मग राखाडी,
मग तो निळा, जो बैरूतच्या बाईंनी
तीनदा पुन्हा मारायला लावला होता,
मग परत पांढरा.
दर दोन वर्षांनी एक थर.
मी सहा मोजले. आतले दोन माझ्या आधीचे,
अब्बास परकारांच्या हातचे. ते आता दाभोळलाच असतात.

काल अंगणात चर्चा होती, बिएनालेच्या भवितव्यावर.
मी माईक धरून उभा.
कुणी म्हणालं, सगळं विमानातून येतं, विमानातून जातं,
गावाला काय उरतं?
कुणी म्हणालं, हा प्रकारच आता संपल्यात जमा.
टाळ्या. मग खजूर, गहवा.
मला विचारलं नाही ते बरंच झालं,
मी मापं सांगत बसलो असतो.

एप्रिलात सगळं उतरवू.
पेशावरचा गुलरेज शिडी धरेल,
फोम कापून खोके भरू,
काचेवर टेपची फुली.
माझा व्हिसा नोव्हेंबरात संपतो,
पुढचं प्रदर्शन त्यानंतरच्या फेब्रुवारीत.

तरी स्क्रू मी टाकत नाही.
लांबीप्रमाणे निवडून
दूध पावडरच्या डब्यात ठेवतो,
झाकणावर पेन्सिलीने लिहितो:
सात नंबर. उजवा कोपरा पोकळ आहे.
तिथे वजन देऊ नये.