हयातीचा दाखला

शाळेच्या दुसऱ्या खोलीत मशीन मांडून बसते मी.
खोली रिकामीच होती.
पटावर नऊ, त्यातली सहा पावऱ्यांची,
केळी कापायला आलेल्यांची;
होळीआधी भोंगऱ्या लागला की तीही सातपुड्यात.

बाकं बुटकी. गुडघे बाजूला काढून बसतात सगळे.
मी नावं पुकारते.
उखर्डू झुलाल.
सुपडू भावडू.
धुडकूबाई, दगडू, भिका.

आधीची तीन गेली म्हणून उकिरड्यावर ठेवून उचललेला,
सुपात घालून शेजारणीला
पायलीभर ज्वारीला विकलेला.
मरणाला वाटावं, कचरा आहे, असू दे.
मरण फसलं. चांगलं ऐंशी वर्षं फसलं.
आता सरकार विचारतं,
जिवंत आहात कशावरून?

अंगठा ठेवा, बाबा.
नाही घेत.
पुसून ठेवा.
केळीच्या चिकानं काळा, विळ्यानं गुळगुळीत,
रेषा कधीच शेतात गेल्या.
"मी जित्ता शे ना वं माय,
तुन्हा म्होरे बसेल शे!"
मशीनला अहिराणी येत नाही.

दीड हजारासाठी हे.
गुडघ्याच्या गोळ्याच साडेचारशेच्या.
बागेला पाणी धरायला माणूस म्हटलं तर
रोजाचे पाचशे, आणि माणूस कुठाय?
अंडोर एकच, पुण्याला.
त्याच्या एका पगारावर
इकडचे दोन, सासरवाडीचे दोन,
फ्लॅटचा हप्ता, आणि विहान.
विहानला कुणी सुपात घातलं नाही,
तो जगणार हे आधीच ठरलेलं.
दिवाळीत त्याच्या आईला विचारलं होतं मी, दुसरं?
तिनं नर्सरीची फी सांगितली.
मी विषय बदलला.
माझीही एकच आहे.

डोळ्यांचं मशीन तालुक्याला आहे, बाबा.
एसटी फुकट आहे तुम्हाला.
"फाट्यापर्यंत कोण नेईन?"
खोलीभर म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
पाढे विचारल्यावर पाहायची पोरं, तसं.

तिसरा अंगठाही गेला.
मी कपाटातून जुना हजेरीपट काढला,
उखर्डू झुलाल यांच्यापुढे
पेन्सिलीनं लिहिलं: आहेत.

कुणी मागणार नाही तो कागद.
पण पानं कोरी आहेत,
खूप उरलीत.