पाणी जोखताना

यादमा बॅटरीची सहा बुचं काढतो,
काचेच्या नळीत पाणी ओढतो,
नळी दिव्यासमोर धरतो.
तरंगती कांडी सांगते: बाराशे दहा.
तीन दिवस सूर्य म्हणजे नुसता पांढरा डाग.

बाहेर गोबीवर उणे एकेचाळीस.

भरल्या बॅटरीचं पाणी गोठत नाही,
उतरलेलीचं गोठतं,
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
मागच्या हिवाळ्यात तंबूबाहेर राहिलेली एक
सकाळी पोट फुटून पडली होती,
बर्फात शिशाच्या पट्ट्या
मेलेल्या शेळीच्या बरगड्यांसारख्या.

त्याच्या बाहीला ॲसिडची भोकं आहेत,
धुतल्यावरच दिसली.
इचिनखोर्लो ठिगळ लावत नाही.
म्हणते, "राहू दे. कुठे कुठे हात घालतोस ते कळतं."

रविवारी उलानबातरहून लेकीचा फोन येतो.
आज शुक्रवार.
रेडिओ हवामान सांगत असतानाच
तो बंद करतो. मग दिवा.

अंधारात दोघं,
मधे मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली बॅटरी,
थंडीत जन्मलेलं कोकरू आत आणतात तशी.
इचिनखोर्लो कातडं जरा आपल्याकडे ओढते.

"कलंडू देऊ नकोस," तो म्हणतो,
"सांडेल."