अर्ध्या औंसाचा हिशेब

इसिडोर लोवेनहाइम आला तेव्हा
गावाला नाव नव्हतं, नदीला फक्त उतार होता.
पाठीवर गाठोडं : सुया, बटणं, तंबाखू, चष्मे.
पोझेनहून आणलेली एकच गोष्ट त्यानं कधी विकली नाही :
लोखंडी वजनांची पेटी, आत हिरवं मखमल.

मी त्याच्याकडे नऊ वर्षं वह्या लिहिल्या.
खिळे, काकवी, रॉकेल, खेचरांचे नाल,
शवपेटीच्या कड्या, डझनावर.
हिवाळ्यात सगळं उधार. वसंतात बर्फ वितळायचा,
उधारी नाही.

निवडणुकीला मतपेटी म्हणून
आमचाच बिस्किटांचा डबा.
एकशे बारा मतं, त्यातली एक्याण्णव आमच्या वहीतली.
हरलेला खाटीक म्हणाला, ही मतं नव्हेत, हप्ते आहेत.
इसिडोरनं टोपी काढली, नगराध्यक्ष झाला,
आणि संध्याकाळी दुकान स्वतःच झाडलं.

पहिला ठराव वजनमापांचा.
त्याला वाटलं, खाटीक सापडेल.
राजधानीहून निरीक्षक आला, नाक पुसत,
पितळी मापं घेऊन. खाटीक सुटला.
आमचा पौंड अर्धा औंस कमी भरला.
कुणी कापला नव्हता, हाताळून झिजला होता.
पण कापलेलं काय न् झिजलेलं काय,
मापातलं पाप साखरेला सारखंच.

दंड पाच डॉलर.
ठोठावणारा तो, भरणाराही तोच.
"खर्चात लिही," म्हणाला.
गाव आठवडाभर हसलं, आणि पुढच्या खेपेला
विरोधात कुणी उभंच राहिलं नाही.

त्या रात्री मात्र त्यानं जुनी वही मागितली.
एका पानावर नाव नाही, बगळ्याचं चित्र.
पलीकडच्या काठावरची क्रो बाई :
कातडी आणायची, साखर न्यायची,
दरवेळी पुडा तळहातावर तोलून मान हलवायची.
तो तिला पेटी दाखवायचा. मखमल दाखवायचा.

"कुठे असतील ते लोक आता?"
"दक्षिणेला. काठ मोकळा करा म्हणून
आपणच अर्ज केला होता ना? दुसराच ठराव.
पहिली सही तुमची."

तो बोटं मोडत बसला :
अकरा वर्षं, महिना वीस पौंड, पौंडामागे अर्धा औंस.
मी म्हटलं, वजन हळूहळू झिजलं असेल, इतकं नाही होणार.
"होतं," तो म्हणाला. "तिनं पहिल्याच वर्षी मान हलवली होती."

साडेब्याऐंशी पौंड साखर, नव्या वजनानं,
पोत्यात भरून दाराशी ठेवली.
जूनमध्ये मुंग्या लागल्या.
त्यानं मला त्या झटकू दिल्या नाहीत.