गणसंख्येअभावी

वही सापडली तराजूखालच्या खणात,
आजोबांच्या दुकानात, वालपाराइसोला, आमच्या टेकडीवर.
निळ्या पुठ्ठ्यावर एवारिस्तो ओल्गिनचं वळणदार अक्षर:
"एस्त्रेया देल आल्तो फुटबॉल क्लब. इतिवृत्त. १९०४."
ओल्गिन औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा,
म्हणून ठरावसुद्धा डोस मोजल्यासारखे.

ठराव एक: चेंडू विकत घ्यावा.
ठराव दोन: पैसे नसल्याने ठराव एक पुढे ढकलावा.
ठराव तीन: गोदीतल्या इंग्रज कारकुनाने जुना चेंडू दिला, आभार;
ब्लॅडरला दोन ठिगळं आहेत याची नोंद घ्यावी.

मैदान म्हणजे टेकडीवरचा त्यातल्या त्यात सपाट तुकडा.
एक गोल दुसऱ्यापेक्षा दीड पुरुष खाली.
नाणेफेक जिंकली की निम्मा सामना जिंकला.
खालच्या गोलामागे सरळ जिना,
एकशे चौदा पायऱ्या, मग गल्ली, मग बंदर, मग पॅसिफिक.
पहिल्या मोसमात चेंडू दोनदा होडीतून परत आला;
नावाड्याचे पैसे "प्रवासखर्च" या सदरात.
मग ठराव अकरा:
लासारो, डोमितिला धोबिणीचा मुलगा, वय नऊ,
याला जिन्याच्या तळाशी नेमण्यात येत आहे.
काम: चेंडू अडवणे. वर्गणी: माफ.

सदरे साखरेच्या पोत्यांचे,
डोमितिलाने बिटाच्या पाण्यात रंगवलेले.
हिवाळी पावसात रंग मांड्यांवरून ओघळायचा
आणि समोरचा संघ म्हणायचा,
थांबूया बाबांनो, ह्यांना फार लागलंय.

१९०५ नाही.
ते वर्ष आजोबांनी पुड्या बांधायला वापरलं.
जिरोलामो कानेपा, खजिनदार, जन्म जेनोवाजवळचा,
कोरा कागद फाडायला त्यांचा जीव व्हायचा नाही,
लिहिलेला मात्र फुकटच.
अख्खा मोसम जिऱ्यात, मिरीत, ऑलिव्हच्या तेलात गेला.
कुणीतरी साखर डब्यात ओतून
ओनोफ्रेने अडवलेली पेनल्टी चुलीत टाकली असेल.

१९०६, ऑगस्ट. इथे अक्षर हललेलं.
भूकंपाच्या रात्री सगळी टेकडी मैदानावर झोपली,
कारण तिथे वरून पडण्यासारखं काही नव्हतं.
गोलाचे खांब उपटून तंबूंना लावले.
खालच्या गोलात, ओल्गिन लिहितो, एका बाईला मुलगी झाली;
"गोल मान्य करण्यात आला, सर्वानुमते."
खाली तीन नावं, पहिलं गोलकीपर ओनोफ्रेचं.
तिघांपुढची वर्गणीची बाकी
एकाच सरळ रेघेने खोडलेली.

मग माणसं जात राहिली. उत्तरेला, सोऱ्याच्या खाणींत;
तिथे रोज जास्त, आणि पाऊस नाही.
बासिलिओ गेला, दोघे ताबोर्गा भाऊ गेले,
सेंटर-हाफने शेजारच्या टेकडीवरची बायको केली,
म्हणजे तोही गेल्यातच जमा.
पत्र्याची पिवळी घरं मैदानात सरकली.
ठराव सदुसष्ट: डावी कॉर्नर-किक
यापुढे सेन्योरा उर्सुलाच्या अंगणातून,
कोंबड्यांना न दुखावता मारावी.

शेवटचं पान. १९१३, गुरुवार.
हजर: ओल्गिन, कानेपा आणि दिवा.
चेंडू हरवला आहे. लासारो गोदीत कामाला लागल्याने
जिन्याखाली कोणी नव्हतं.
नवा घ्यावा का, यावर चर्चा.
"गणसंख्येअभावी सभा तहकूब.
पुढील सभा येत्या गुरुवारी, याच जागी."

बस. क्लब मोडल्याचा ठराव कुठेच नाही.

वही घेऊन खाली गेले.
म्हातारा लासारो जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसतो;
मला वाटायचं, उन्हासाठी.
विचारलं, रीतसर बंद करायचा का?
त्याने थकबाकीची यादी बोट फिरवत वाचली,
सगळे मेलेले, सगळे देणेकरी,
आणि स्वतःच्या नावाशी थांबला: माफ.
"हजर किती?"
तुम्ही, म्हटलं. मी सभासद नाही.
"मग कसं होणार?"

वर कुणाची तरी पिशवी फाटली.
एक बटाटा टप्पे घेत उतरू लागला.
त्याने न बघताच पाय पुढे केला,
बटाटा उचलून बाहीला पुसला,
खिशात टाकला.
"गुरुवारी बघू," म्हणाला.