सोळा तासांचं अंथरूण

दोहाच्या विमानतळावर, रात्री दीड वाजता,
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
पुढच्या केबिनमध्ये एक जागा शिल्लक आहे,
एकच.
नऊशे चाळीस पौंड जास्तीचे,
ऑकलंडपर्यंत सोळा तास आडवं होता येईल.

'आडवं' हा शब्द तिनं असा उच्चारला
जसा आमच्याकडचा पाद्री 'स्वर्ग' म्हणतो,
कालच जाऊन आल्यासारखा.

मला हसू आलं. तिला काय माहीत,
त्या सीटची शिवण न शिवण मला पाठ आहे.
मोर्नच्या डोंगराखाली, समुद्राकडे पाठ करून
आमच्या गावचा कारखाना उभा आहे.
सव्वीस वर्षं तिथं टीप मारली मी:
मागच्यांना निळं कापड, मोजून मापून,
पुढच्यांना कातडं, दुहेरी टीप,
कोपऱ्यावर सुई हळू,
नाहीतर चामडं रुसतं, आणि सुपरवायझरही.
बसणारं ढुंगण दोन्हीकडे सारखंच,
ओर्ला म्हणायची, तोंडात सँडविच असताना.

हिशोब मी उभ्या उभ्या केला.
नऊशे चाळीस भागिले सोळा,
तासाला अठ्ठावन्न आणि वर चिल्लर.
मला तासाचे बारा मिळायचे.
म्हणजे एक तास आडवं पडायला
पाच तास वाकून बसायचं.
शिवाय घरचा बॉयलर खोकतोय,
शिवाय नातीला अजून काही घेतलेलं नाही.

'तू जा,' माल्की म्हणाला.
सहा फूट तीन इंच माणूस,
चाळीस वर्षं हेरिंगच्या जाळ्यांशी झुंजलेला,
उजव्या गुडघ्यात वाटीच्या जागी पोलाद.
'तू शिवलीस, तू झोप.'
मी म्हटलं, गुडघा तुझा आहे.
हॉटेलात बिलावरून भांडतात तसे भांडलो,
मागे रांग खोळंबली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरंच.
पण पायच एवढे लांब असले,
आणि अंथरूण कुणी तासावर विकायला बसलं असलं,
तर?

कार्ड माझं, जागा त्याची.

मी एकेचाळिसाव्या रांगेत, मधली.
डावीकडे झोपलेला एक कोपर,
उजवीकडे परीक्षेला चाललेली मुलगी,
समोर पडदा.
पडदा आमच्याकडचा नव्हता.
टीप वाकडी गेली होती.

मध्यरात्र कुठली ते कुणाला ठाऊक,
खाली नुसता समुद्र,
तेव्हा त्या पडद्यातून माल्की आला,
पायात मोजे, मुठीत वितळलेलं चॉकलेट.
झोपलास?
'नाही. तिकडे माणसं फार लांब लांब ठेवलीत.
बोलायला कुणी नाही.'
मग माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून
त्यानं हळूच सांगितलं,
'डाव्या हाताखाली चाचपून पाहिलं.
शेवटी तीन उलटे टाके आहेत.
नियम दोनचा ना?
तूच ना ती?'

तीन टाके मी घालायचे. ओर्लाही घालायची.
कातडं काय, बोलून दाखवत नाही.
मीच, मी म्हटलं.

तेवढ्यात हवाई सुंदरीनं त्याला गोड हसून
त्याच्या नऊशे चाळीस पौंडांकडे परत पाठवलं.
नंतर म्हणे तो घोरला,
पुढची सगळी केबिन उठेपर्यंत.

ऑकलंडला लेकीनं विचारलं,
काय मग, पैसे वसूल?
'नाही,' माल्की म्हणाला.
'हो,' मी म्हणाले.
त्याचा गुडघा होता तसाच होता,
माझे पाय बुटात मावत नव्हते.

गाडीत मी मागे बसले, बाळाच्या खुर्चीशेजारी.
नात झोपलेली.
तिच्या डोक्यामागची शिवण
बोटानं तपासत गेले शेवटपर्यंत.
बरी होती.
कोपऱ्यावर कुणीतरी घाई केली होती.