हातचा

कागदावर आमच्याकडे बारा विमानं आहेत.
उडतात तीन.
चौथं उडतं फक्त संचलनाच्या दिवशी,
तेही तिसऱ्याचा पंप उसना घेऊन.
मी दोमितिला निसामा, भांडाराची कारकून.
माझ्या वहीतली बेरीज दर महिन्याला जुळते,
कारण हातचा कुठं धरायचा ते मला कळतं.

आमचा हातचा म्हणजे चौदा नंबर.
हँगरच्या कोपऱ्यात, चाकं काढून,
लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं.
मी रुजू झाले तेव्हा त्याला नाक होतं.
नाक गेलं सहा नंबरला,
शेपटीचं पातं नऊला,
वैमानिकाची खुर्ची, घड्याळं, तारांचे झुबके
ज्याला जे लागलं त्याला.
एलेउतेरिओ चुंगा म्हणतो,
सगळ्यांत जास्त उडतं ते चौदा नंबरच,
फक्त एका वेळी एकत्र नाही.

चुंगा विशीत रशियन शिकला
लिमातल्या एका थंड वर्गात.
झडप तपासा. दाब उतरवा. हात लावू नका.
एवढं तो अजून अस्खलित बोलतो.
पाव मागता येत नाही.
त्याच्या जाडजूड पुस्तकाच्या समासात
शिसपेन्सिलीनं जागोजाग लिहिलंय:
इथं छापलंय ते खरं नाही.
पाव फेरी कमी आवळा.

मग राजधानीहून नवा तक्ता आला, नव्या रचनेचा.
वर एक चौकोन, त्याखाली चार,
विभाग, गट, स्क्वाड्रन,
रेषा खाली खाली उतरत गेलेल्या,
आणि तळाला, शाई संपत आल्यासारखा,
एक बारका चौकोन: देखभाल.
चुंगानं त्यावर बोट ठेवलं. चौकोन झाकला गेला.
‘यात शिडी कुठं उभी करू?’

कुंपणापलीकडे वाळवंटात तेलाचे पंप
दिवसभर मान हलवतात,
येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला हो म्हणतात.
या वेळच्या मंत्र्याचं मात्र खरं झालं.
दोन नवी विमानं उतरली,
राखाडी, अंगावर एक ओरखडा नाही,
सोबत पेट्या, आणि पेट्यांवर तीच ओळ:
सीलबंद. उघडू नये. कंपनीकडे पाठवावे.
त्यांच्यासाठी यार्लेके आला, तेवीस वर्षांचा,
पांढरे हातमोजे, मांडीवर टॅबलेट.
पोरगा हुशार. डबा वाटून खाणारा.

तिसऱ्या दिवशी लाल दिवा लागला.
यार्लेकेनं पडद्याला विचारलं,
पडद्यानं कंपनीला,
कंपनीनं अकरा दिवस मागितले.
अकरा दिवस ते कोरं करकरीत विमान
चौदा नंबरशेजारी उभं.
चुंगा खिशात हात घालून दोन फेऱ्या मारून आला.
एकदा कान लावला.
यार्लेकेनं हळूच विचारलं, काय ऐकलंत?
‘तहानलेला पंप कण्हतो.
हे बोलतच नाही बाबा.
आजारी आहे की शिष्ट, कळेना.’
अकराव्या दिवशी पेटी बदलली,
आणि ते असं सुसाट वर गेलं
की चुंगाच्या तोंडून शिवी निघाली.
कौतुकाची.

चौदा नंबर भंगारात काढायचा हुकूम निघाला. किलोवर.
लेखापरीक्षक आला, काटा आला, क्रेन आली.
कागदोपत्री दहा टन.
काट्यावर भरलं चार टन सहाशे.
त्यानं चष्मा पुसला.
‘बाईसाहेब, बाकीचं कुठं गेलं?’
मी वही उघडली. पानं उलटत राहिले.
एकेक नट, एकेक तारीख, चुंगाची वेडीवाकडी सही.
चाळिसाव्या पानाला तो कंटाळला,
रकान्यात ‘तूट’ लिहून मोकळा झाला.
मी सही केली. दुसरं काय करणार?

बाहेर गडबड चालली होती.
धावपट्टीच्या मधोमध एक पेलिकन ठाण मांडून बसलेला,
यार्लेके हातमोजे काढून, ते हलवत
त्याच्याकडे धावत निघालेला.
तो उठेपर्यंत वर घिरट्या घालत
सहा नंबर थांबून होतं,
चौदाचं नाक समुद्राकडे रोखून.